पिचकॉम: शॉर्टस्टॉपच्या जागेवरून पाहिलेलं यंत्र

बेसबॉलमध्ये पुढचा चेंडू कोणता टाकायचा हे कॅचर (फलंदाजामागे बसून चेंडू झेलणारा) पिचरला (चेंडू टाकणाऱ्याला) बोटांच्या खुणांनी सांगत असे; तेच बटण दाबून कानाशी सांगणारं यंत्र म्हणजे पिचकॉम. ते बनलं या खुणांची चोरी थांबवण्यासाठी, आणि ते काम ते चोख करतं. तेवढ्यापुरतं परीक्षण एका ओळीत संपलं असतं. पण या यंत्राचा खरा गुण दिसतो तो पिचरच्या मागे उभ्या असलेल्या सात खेळाडूंकडे पाहिल्यावर. दोन चेंडूंमध्ये पिचर किती वेळ घेतो आणि त्या वेळात त्याची मान, खांदे, चेहरा काय बोलतात, यावर हे सात जण चवड्यांवर राहणार की टाचांवर येणार ते ठरतं. म्हणून पिचकॉम आणि त्याच्या पाठोपाठ आलेलं पिच क्लॉक (चेंडू टाकायला मिळणारा वेळ मोजणारं घड्याळ) ही जोडी इथे याच कसोटीवर घासून पाहिली आहे.

आधी लय म्हणजे काय ते जवळून पाहू. पिचरचा पाय उचलला जातो तेव्हा शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे उभा असणारा क्षेत्ररक्षक, गुडघे सैल करतो. हात सुटतो तेव्हा तो एक लहानशी उडी घेतो, जेमतेम दोन-तीन इंचांची. चेंडू फलंदाजापर्यंत पोचत असताना त्याचे दोन्ही पाय खांद्यांपेक्षा जरा जास्त अंतरावर, वजन चवड्यांवर ठेवून जमिनीला लागतात. क्रिकेटमध्ये गोलंदाजाबरोबर क्षेत्ररक्षक दोन पावलं आत चालत येतात, त्याचाच हा भाऊबंद. ताशी 90 मैलांचा चेंडू 60 फूट 6 इंच अंतर अर्ध्या सेकंदाच्या आत कापतो, आणि जोरात मारलेला जमिनीलगतचा फटका शॉर्टस्टॉपपाशी यायला एक-सव्वा सेकंद लागतो. उडी थोडी उशिरा पडली तर वजन अजून हवेत असतं आणि पहिलं पाऊल जातं. एक पाऊल म्हणजेच हातात आलेला चेंडू आणि हातमोज्याच्या टोकाला लागून गेलेला चेंडू यांतला फरक.

आता असा पिचर घ्या, जो प्रत्येक चेंडूआधी तीस सेकंद घेतो. माऊंडभोवती (पिचर जिथून चेंडू टाकतो तो मातीचा उंचवटा) फिरतो, राळेची पिशवी उचलतो, टोपी काढतो, खूण नाकारतो, पुन्हा नाकारतो. शॉर्टस्टॉप पहिल्यांदा वाकतो, मग उठतो. हात गुडघ्यांवर येतात. मग तो बुटाने माती सारखी करतो. एका इनिंगमध्ये पंचवीस चेंडू पडले तर हे पंचवीस वेळा होतं. यात आळसाचा प्रश्न नाही. इतका वेळ कोणाचंही शरीर ताणलेलं राहत नाही. संथ पिचरच्या मागे चुका होतात असं जुने प्रशिक्षक का म्हणत आले, याचं साधं कारण हे आहे.

उलट टोकाला मार्क बुअर्ले. चेंडू हातात आला की तो फेकायला तयार असे, आणि कॅचरची खूण नाकारणं त्याच्या स्वभावात नव्हतं. 16 एप्रिल 2005 रोजी शिकागो व्हाइट सॉक्सने त्याच्या जोरावर सिॲटल मरिनर्सना 2-1 असं हरवलं, तो सामना 99 मिनिटांत आटोपला. 23 जुलै 2009 रोजी टॅम्पा बे रेजविरुद्ध त्याने परफेक्ट गेम टाकला, म्हणजे एकाही प्रतिस्पर्ध्याला बेसवर पोचू दिलं नाही. त्यात नवव्या इनिंगमध्ये बचावासाठीच मैदानात आणलेल्या डिवेन वाइजने गेब कॅपलरचा कुंपणापलीकडे जाणारा फटका उडी मारून परत ओढला. एका झेलावरून सिद्धांत मांडू नये. पण त्या झेलाची पहिली दोन पावलं बघा. वाइज चेंडू बॅटवर बसतानाच निघाला आहे.

लय मोजायची असेल तर मेजर लीगच्या (उत्तर अमेरिकेतली सर्वोच्च बेसबॉल लीग) बेसबॉल सॅव्हंट या साइटवर पिच टेम्पो नावाचा आकडा मिळतो. एक चेंडू हातातून सुटल्यापासून दुसरा सुटेपर्यंतचा हा वेळ असतो, आणि फलंदाजाने बॅट न फिरवता सोडलेल्या चेंडूनंतरचाच वेळ त्यात धरतात. 15 सेकंदांच्या आत असेल तर जलद, 30 च्या वर गेला तर संथ. घड्याळाशी ताडून पाहायचा असेल तर यातून सुमारे 6 सेकंद वजा करायचे, कारण चेंडू कॅचरपर्यंत जाऊन पिचरकडे परत येईपर्यंत घड्याळ सुरू होत नाही. हे वजा करायला विसरून अनेक जण विनाकारण पिचरला संथ ठरवतात.

यंत्राकडे येऊ. पिचकॉमचे दोन भाग आहेत: बटणांचा ट्रान्समीटर आणि टोपीत बसणारा रिसीव्हर. ट्रान्समीटरवर नऊ बटणं असतात आणि कॅचर तो मनगटावर किंवा गुडघ्याच्या पॅडजवळ बांधतो. रिसीव्हर ही पातळ पट्टी असते. ती टोपीच्या आतल्या घाम टिपणाऱ्या पट्टीत सरकवायची, कॅचरची मात्र हेल्मेटमध्ये. कॅचर आधी चेंडूचा प्रकार दाबतो, मग जागा. पिचरच्या कानाशी रेकॉर्ड केलेला आवाज येतो: फास्टबॉल, खाली, बाहेर. संदेश कूटबद्ध असतो. आवाज इंग्रजी किंवा स्पॅनिशमध्ये मिळतो, आणि संघाला स्वतःच्या शब्दांत रेकॉर्डही करता येतो. जॉन हँकिन्स आणि क्रेग फिलिसेट्टी यांनी ते घडवलं. फिलिसेट्टी यांचा मूळ व्यवसाय मनातलं ओळखण्याचे प्रयोग करणाऱ्या जादूगारांसाठी उपकरणं बनवण्याचा, आणि लपवलेल्या आवाजाची ही कारागिरी तिथूनच आली आहे. ऑगस्ट 2021 मध्ये खालच्या पातळीवरच्या लीगमध्ये चाचणी झाली आणि 2022 च्या मोसमापासून मेजर लीगमध्ये परवानगी मिळाली. वापर ऐच्छिक होता, तरी थोड्याच काळात जवळजवळ सगळ्यांनी ते उचललं.

पार्श्वभूमी सर्वांना ठाऊक आहे. ह्यूस्टन ॲस्ट्रोजने 2017 मध्ये कॅमेऱ्यातून खुणा पाहून डगआउटजवळचा (संघाची बसायची जागा) कचऱ्याचा डबा वाजवून फलंदाजाला इशारे दिले. जानेवारी 2020 मध्ये क्लबला 50 लाख डॉलर दंड झाला आणि जनरल मॅनेजर व मॅनेजर वर्षभरासाठी निलंबित झाले. पण या प्रकरणाचं लयीवर झालेलं नुकसान कमी बोललं जातं. चोरीच्या भीतीने सगळेच संघ खुणांच्या लांबलचक माळा वापरू लागले. दुसऱ्या बेसवर, म्हणजे कॅचरची बोटं दिसतील अशा जागी, रनर असला की कॅचर पाच-सहा बोटं दाखवणार, त्यातली नेमकी कुठली खरी ते आउटच्या संख्येवर किंवा आधीच्या चेंडूवर ठरणार. पिचर गोंधळला की माऊंडवर बैठक. न कळता चुकीचा चेंडू पडला की कॅचरचा अंगठा दुखावणार. सामन्यातला सगळ्यात तणावाचा क्षण हाच सगळ्यात संथ होऊन बसला होता.

पिचकॉमने ही माळ पूर्ण काढून टाकली. बेस मोकळे असोत वा भरलेले, संदेशाला लागणारा वेळ सारखाच. पिचकॉमचा पहिला मोठा गुण हाच: दबाव वाढला म्हणून लय आपोआप बिघडत नाही. यासाठी पूर्ण गुण.

पिच क्लॉक 2023 मध्ये आलं, आणि पिचकॉमशिवाय ते चाललं नसतं असं आमचं स्पष्ट मत आहे. बेस मोकळे असताना 15 सेकंद. रनर असताना 2023 मध्ये 20, आणि 2024 पासून 18. आकडा शून्यावर येण्याआधी पिचरची हालचाल सुरू झालेली हवी, नाहीतर फलंदाजाला एक बॉल फुकट (असे चार झाले की तो पहिल्या बेसवर जातो). फलंदाज 8 सेकंद उरताना सज्ज नसेल तर त्याच्या नावावर एक स्ट्राइक (तीन झाले की बाद). नऊ इनिंगच्या सामन्याची सरासरी वेळ 2022 मध्ये 3 तास 4 मिनिटांच्या आसपास होती, ती 2023 मध्ये 2 तास 40 मिनिटांवर आली. त्याच मोसमात चोरलेले बेस (फटक्याशिवाय रनरने पळून गाठलेले पुढचे बेस) 2,486 वरून 3,503 वर गेले. त्यामागे बेसचा आकार 15 वरून 18 इंच झाला हेही आहे, आणि पिचरला एका फलंदाजाच्या वेळी फक्त दोनदाच रबरवरून (माऊंडवरची पाय टेकायची पट्टी) पाय काढता येतो हेही. तिसऱ्यांदा काढला आणि रनर बाद झाला नाही तर बॉक, म्हणजे रनरला पुढचा बेस फुकट.

या 18 सेकंदांचा हिशेब असा मांडावा. चेंडू हातात आला, कॅचर आपल्या वर्तुळात आला की घड्याळ सुटतं. 18 ते 13 या काळात पिचरने चेंडू पुसून, बोटं शिवणीवर बसवून रबरवर यायचं. 13 ते 9 मध्ये संदेश ऐकायचा. 8 वर फलंदाज वर बघतो. उरलेले सेकंद पिचरचे स्वतःचे: हात एकत्र आणून थांबायचं, रनरकडे बघायचं, कधी एक सेकंद धरायचं, कधी चार. बहुतेक पिचर चुकतात ते पहिल्या टप्प्यात. गवतावरून सावकाश माऊंड चढतात, संदेश 7 वर ऐकतात, मग तो नाकारतात, आणि 2 वर घाईने फेकतात. घाईत पुढचा पाय लवकर पडतो, हात मागे राहतो आणि चेंडू वर जातो. बाहेरून पाहणाऱ्याला हे नियंत्रण सुटल्यासारखं दिसतं, पण मूळ दोष माऊंड चढण्यात असतो.

घाबरलेला पिचर दुसरी चूक करतो: घड्याळ 3 वर आलं की पाय काढून आकडा परत वर आणतो. असे दोन वापर झाले की रनरला समजतं की आता पिचरचे हात बांधलेले आहेत, आणि तो एक पाऊल जास्त पुढे जातो. मग दुसऱ्या बेसचा खेळाडू बेसच्या जवळ सरकतो, उजवीकडची फट रुंदावते, आणि साधा जमिनीलगतचा फटका तिथून निघून जातो. एका माणसाच्या धांदलीची किंमत चौघांनी भरायची, ती अशी.

संथपणा नेहमीच वाईट असतो असं मात्र नाही. जॉनी क्वेटोसारखा पिचर हालचालीच्या मधेच थबकून, कधी एकदम झटक्यात फेकून फलंदाजाचं टायमिंग मोडायचा. फरक असा की तो वेळ हेतूने वापरायचा, आणि त्याच्या मागच्यांना ते ठाऊक असायचं. मॅक्स शर्झरने 2023 च्या सराव मोसमात घड्याळाच्या चौकटीतच चेंडू लांबवून धरणं आणि पटकन टाकणं यांचे प्रयोग केले, काही अंपायरने अडवलेही. घड्याळाने विविधता संपवली हा आक्षेप म्हणून टिकत नाही. ती शेवटच्या सात-आठ सेकंदांत मावते.

पिचकॉमचा दुसरा गुण म्हणजे क्षेत्ररक्षकांना मिळणारे रिसीव्हर, आणि आमच्या मते संपूर्ण संचातला हाच सर्वोत्तम भाग. पिचर आणि कॅचर सोडून आणखी तिघांना ते घालता येतात. सहसा शॉर्टस्टॉप, दुसऱ्या बेसचा खेळाडू आणि सेंटरफिल्डर. चेंजअप (फास्टबॉलसारखा भासणारा संथ चेंडू) आतल्या बाजूला येणार हे आधीच कळलं तर फटका ओढला, म्हणजे फलंदाज उभा असतो त्या बाजूला मारला, जाण्याची शक्यता जास्त, म्हणून शॉर्टस्टॉप मनाने त्या बाजूला कललेला असतो. बाहेरचा फास्टबॉल असेल तर उलट. 2023 पासून मैदानाच्या प्रत्येक अर्ध्यात दोन इनफिल्डर (बेसजवळचे क्षेत्ररक्षक) असलेच पाहिजेत आणि त्यांचे पाय इनफिल्डच्या हद्दीतच हवेत, असा नियम आहे. जागा मोठी बदलता येत नाही तेव्हा अर्ध्या पावलाचा कल फार मोलाचा ठरतो.

पण इथेच शिस्त लागते. आवाज ऐकताच शॉर्टस्टॉप डावीकडे सरकला तर तिसऱ्या बेसवरचा विरोधी प्रशिक्षक ते वाचणार आणि फलंदाजाला ओरडून सांगणार. लाखमोलाचं कूटबद्धीकरण एका पावलात वाया. नियम सोपा ठेवावा: पिचरचा पुढचा पाय जमिनीवरून सुटेपर्यंत हलायचं नाही. आणि पिचर दर वेळी वेगळ्या क्षणी सुटत असेल तर हे पाळणं कठीण जातं, म्हणून पिचरने आपण किती वेळ चेंडू धरणार आहोत याची कल्पना इनफिल्डला सामन्याआधी द्यावी. हे संभाषण फार थोडे संघ करतात.

तिघांची मर्यादा ही मात्र खटकणारी गोष्ट. पूर्वी शॉर्टस्टॉप कॅचरची बोटं बघायचा आणि पाठीमागे हात करून आउटफिल्डला, किंवा एखाद्या ठरलेल्या शब्दाने तिसऱ्या बेसला कळवायचा. आता बोटंच नाहीत. ज्याच्या टोपीत रिसीव्हर आहे त्याला सगळं कळतं, ज्याच्या टोपीत नाही तो अंधारात. पहिल्या आणि तिसऱ्या बेसचे खेळाडू, दोन्ही कोपऱ्यांचे आउटफिल्डर यांच्यासाठी शॉर्टस्टॉपने जुनी साखळी चालू ठेवली नाही, तर यंत्र आल्यावर निम्म्या संघाची माहिती वाढते आणि निम्म्याची घटते. उपाय यंत्रात नाही. शॉर्टस्टॉपला बोलता यायला हवं.

तिसरा भाग पिचरच्या वृत्तीशी थेट भिडतो. 2022 मध्ये ट्रान्समीटर फक्त कॅचरकडे असे. 2023 पासून पिचरलाही तो घालायची मुभा मिळाली. त्या मोसमात एंजल्सकडून खेळताना शोहेई ओहतानीने तो दंडावर बांधून आपले चेंडू आपणच ठरवले. याचा फायदा वेळेत दिसतो. प्रत्येक नकाराला कॅचरला पुन्हा दोन बटणं दाबावी लागतात आणि तीन-चार सेकंद जातात. दोन नकारांत जवळजवळ सगळी उसंत संपते. पिचरकडे बटण असलं की नकारच उरत नाही.

आणि नकार फक्त वेळ खात नाही. मान हलवणारा पिचर सगळ्या मैदानाला दिसतो. दोनदा, तीनदा मान हलली की मागचे खेळाडू मनात म्हणतात, याचा आज स्वतःवर विश्वास नाही, किंवा कॅचरवर नाही. पिचकॉमने हा मतभेद लोकांच्या नजरेआड नेला, ही बाजू चांगली. पण कॅचरला फलंदाजाचे पाय दिसतात, त्याने बॅटवरची पकड किती वर घेतली ते दिसतं, मागच्या स्विंगमध्ये तो किती उशिरा होता ते ऐकूसुद्धा येतं. पिचरला 60 फुटांवरून हे दिसत नाही. म्हणून नवख्या पिचरच्या हातात पूर्ण सूत्रं देऊ नयेत. सर्वांत चांगली बसणारी पद्धत अशी: सांगणार कॅचर, आणि पिचरकडचा ट्रान्समीटर फक्त एखादा निर्णय बदलण्यासाठी. पिचरने तो मोज्याच्या हाताकडच्या बाजूला, पट्ट्याजवळ किंवा दंडावर, फेकण्याच्या हालचालीत न अडकणाऱ्या जागी बांधावा, आणि सरावात त्याच जागी बांधूनच फेकावं. सामन्याच्या दिवशी पहिल्यांदा बांधला की खांद्याची हालचाल नकळत आखडते.

वृत्तीच्या बाबतीत यंत्राची हद्द इथे संपते. चूक झाल्यावर हात वर फेकणं, शॉर्टस्टॉपकडे रोखून बघणं, अंपायरकडे पाठ फिरवून आकाशाकडे बघणं, हे कुठल्याच बटणाने झाकलं जात नाही. 2 जून 2010 रोजी डेट्रॉइट टायगर्सचा अर्मांडो गॅलारागा परफेक्ट गेमपासून एक आउट दूर होता. जेसन डोनाल्डच्या फटक्यावर चेंडू पहिल्या बेसवर त्याच्याच मोज्यात आधी आला होता, तरी अंपायर जिम जॉइसने सेफ दिलं. गॅलारागा हसला. चेंडू घेऊन माऊंडवर परत गेला आणि पुढच्या फलंदाजाकडून तिसऱ्या बेसकडे ग्राउंडर (जमिनीलगतचा फटका) काढून सामना संपवला. त्या क्षणी त्याचे सगळे सहकारी चिडलेले होते. तो चिडला असता तर पुढचा ग्राउंडर अडवणाऱ्या तिसऱ्या बेसच्या खेळाडूचं डोकं कुठे असतं, याचा विचार करा. 88 चेंडूंचा, पावणेदोन तासांपेक्षा कमी वेळाचा तो सामना लय आणि वृत्ती हातात हात घालून चालण्याचं सर्वोत्तम उदाहरण आहे. तेव्हा माऊंडवर घड्याळ नव्हतं, टोपीत आवाज नव्हता.

शारीरिक बाजूवरही बोलायला हवं. एप्रिल 2024 मध्ये खेळाडूंच्या संघटनेने घड्याळ आणखी कमी केल्याने हाताला सावरायला वेळ मिळत नाही आणि दुखापतींचा धोका वाढतो, अशी चिंता जाहीरपणे मांडली. लीगने ती मान्य केली नाही. वाद मिटलेला नाही. तोपर्यंत सल्ला एवढाच की लांबलेल्या इनिंगमध्ये, विशेषतः वीस चेंडूंनंतर, कॅचरने संदेश मुद्दाम उशिरा द्यावा आणि मिळालेला प्रत्येक सेकंद पिचरला वापरू द्यावा. माऊंडवर जाण्याच्या फेऱ्या 2024 पासून संपूर्ण सामन्यासाठी चारच आहेत. त्या खुणा समजावण्यात घालवण्याची गरज पिचकॉमने संपवली आहे, म्हणून त्या श्वासासाठी राखून ठेवाव्यात. चांगला कॅचर तिथे जाऊन डावपेच बोलत नाही. मोजा तोंडावर धरतो, दोन वाक्यं बोलतो, पिचरचे खांदे खाली आले की परत जातो.

दोष सांगायचे तर पहिला आवाजाचा. खच्चून भरलेल्या मैदानात पिचरला ऐकू येत नाही, आणि मग तो हातमोज्याने टोपी कानावर दाबून धरतो. हे सुरुवातीला फार दिसायचं. नंतर आवाज वाढवण्यात आला आणि कानापर्यंत नेणारी लहान नळीही आली, त्याने बराच फरक पडला. तरी टोपी सैल असेल तर काही उपयोग नाही. पट्टी कानाच्या थोडी वर, कवटीला लागून बसली पाहिजे. दुसरा दोष यंत्र मधेच बंद पडण्याचा. अशा वेळी पिचरने गप्प राहून अंदाजाने फेकू नये, ताबडतोब अंपायरला सांगावं, घड्याळ थांबवलं जातं. याच्यासाठी बोटांच्या खुणांचा एक साधा संच प्रत्येक पिचर-कॅचर जोडीने पाठ ठेवावा, दोन खुणांपेक्षा जास्त गुंतागुंत नको. तिसरी गोष्ट दोषापेक्षा बंधन म्हणावी अशी: मेजर लीगमध्ये डगआउटमधून संदेश देता येत नाही, बटण मैदानावरच्याच हातात हवं. कॉलेजच्या स्पर्धांमध्ये प्रशिक्षकाकडून एकतर्फी संदेशाला परवानगी आहे. तिथे खेळ वेगवान होतो, पण कॅचर विचार करायला शिकत नाही. आम्हाला मेजर लीगचं बंधन योग्य वाटतं.

एकंदर यंत्र उत्तम आहे, आणि ज्या संघाचा पिचर मुळातच झपाझप काम करतो त्याला ते जेमतेम थोडं उपयोगी पडेल. ज्याचा पिचर रेंगाळतो, नकार देत बसतो, रनर आला की बिचकतो, त्या संघाला ते सगळ्यात जास्त देतं, फक्त त्याने माऊंड चढण्याची पहिली पाच सेकंदं सुधारली तर.

शेवटची सूचना बुलपेनसाठी, म्हणजे राखीव पिचर जिथे तयार होतात त्या जागेसाठी. राखीव पिचर टोपीत रिसीव्हर न घालताच धावत मैदानात येतो, आणि मग सगळे त्याची वाट बघत उभे राहतात. दुसरं म्हणजे बुलपेनच्या शांततेत लावलेला आवाज माऊंडवर अगदीच क्षीण पडतो. दार उघडण्याआधी कोणीतरी त्याच्या टोपीला हात लावून पट्टी बसली आहे का ते बघावं, आवाज दोन पायऱ्या वर न्यावा, आणि सरावाच्या पहिल्याच चेंडूला कॅचरने बटण दाबूनच संदेश द्यावा.